राज्यघटनेत खर्चाचा आकडा लिहिला की सरकार आवरतं का?

खतावणी

सरकारने किती खर्च करावा, किती कर्ज काढावं याची मर्यादा राज्यघटनेतच लिहून टाकावी, ही मागणी जुनी आहे. तिच्यामागचा विचार सरळ आहे. साधा कायदा ज्या बहुमताने होतो त्याच बहुमताने बदलता येतो. घटना बदलायला बहुतेक ठिकाणी दोन तृतीयांश मतं लागतात, काही ठिकाणी सार्वमत लागतं. म्हणजे आकडा घटनेत गेला की सत्ताधाऱ्यांचे हात बांधले गेले. मला हा विचार निम्माच पटतो. उरलेल्या निम्म्यासाठी हा धागा.

घटनांमध्ये दोन तऱ्हेचे निर्बंध दिसतात. पहिला मंजुरीचा. लोकप्रतिनिधींनी मत दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही. इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या सनदेने संसदेच्या संमतीशिवाय राजाने पैसा उभारणं बेकायदा ठरवलं. अमेरिकेच्या घटनेत पहिल्याच अनुच्छेदात आहे की कायद्याने विनियोजन (अमुक कामासाठी अमुक रक्कम अशी मंजुरी) झाल्याखेरीज कोषागारातून रक्कम काढता येणार नाही. भारतीय घटनेतली कलमं २६५, २६६ आणि ११४ हेच काम करतात: कायद्याशिवाय कर नाही, महसूल आणि कर्ज सगळं एकत्रित निधीत, आणि विनियोजनाच्या कायद्याशिवाय त्या निधीला हात लावायचा नाही.

दुसरा निर्बंध आकड्याचा. तूट अमुक टक्के, कर्ज तमुक टक्के. याचा इतिहास अमेरिकेतल्या राज्यांपासून पाहावा. कालवे, रेल्वे आणि बँका यांसाठी त्यांनी भरमसाट कर्जं काढली, १८३७ ची मंदी आली, आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला आठ राज्यं आणि फ्लोरिडा प्रदेश यांनी देणी थकवली. लोक संतापले. राज्यांनी आपापल्या घटना बदलल्या. न्यूयॉर्कच्या १८४६ च्या घटनेने मोठ्या कर्जासाठी मतदारांची मंजुरी सक्तीची केली. पुढे तिथे स्वतंत्र प्राधिकरणं निघाली. १९२१ चं न्यूयॉर्क बंदर प्राधिकरण हे त्यातलं प्रसिद्ध. ही प्राधिकरणं पुलांच्या टोलवर, भाड्यावर रोखे काढतात, आणि ते रोखे राज्याच्या कर्जात धरले जात नाहीत. घटनेतलं कलम जसंच्या तसं राहिलं आणि कर्ज त्याच्या शेजारून वाढत गेलं.

जर्मनीचं उदाहरण याहून बोलकं आहे. २००९ मध्ये त्यांनी मूलभूत कायद्याच्या, म्हणजे त्यांच्या घटनेच्या, कलम १०९ आणि ११५ मध्ये कर्जाला लगाम घातला: केंद्राची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी) सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.३५ टक्क्यांपलीकडे जायची नाही, आणि घटक राज्यांनी २०२० पासून अशी तूट ठेवायचीच नाही. नैसर्गिक आपत्ती किंवा असामान्य आणीबाणीत सवलत. महासाथीत ती सवलत घेतली गेली, ते योग्यच होतं. पण २०२१ साठी मंजूर झालेल्या आणि न वापरलेल्या कर्जाधिकारातले ६० अब्ज युरो सरकारने पूरक अर्थसंकल्पातून हवामान निधीकडे वळवले. तो पूरक अर्थसंकल्प मंजूर झाला २०२२ मध्ये, वर्ष संपून गेल्यावर. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने हे रद्द केलं. आणीबाणी आणि खर्च यांचा संबंध दाखवला नाही, आणि एका वर्षाचा कर्जाधिकार पुढच्या वर्षांसाठी साठवून ठेवता येत नाही, अशी त्यातली मुख्य कारणं. सरकारला त्या वर्षासाठी पुन्हा आणीबाणी जाहीर करावी लागली, आणि वर्षभरात अर्थसंकल्पाच्याच वादावरून आघाडी मोडली.

इथवर वाचून वाटतं की लगाम चालला. पुढचं पाहा. मार्च २०२५ मध्ये घटनाच बदलली. संरक्षणावरचा उत्पादनाच्या १ टक्क्यावरचा खर्च मर्यादेबाहेर, पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी मर्यादेबाहेर, आणि राज्यांनाही ०.३५ टक्क्यांची मुभा. निवडणूक होऊन गेली होती, तरी मतदान जुन्या सभागृहात घेतलं, कारण नव्यात दोन तृतीयांश जुळण्याची खात्री नव्हती.

त्या खर्चाची गरज होती की नव्हती हा वेगळा वाद. माझा मुद्दा असा की ०.३५ हा आकडा अजूनही घटनेत तसाच आहे, फक्त तो कशावर लागू होतो ते बदललं. म्हणून मला वाटतं, किती टक्के यापेक्षा कशाकशाला खर्च म्हणायचं हे जो ठरवतो त्याच्याच हातात खरी सत्ता असते. तुमचं मत काय?

गणिती

जर्मनीबरोबर स्वित्झर्लंड ठेवून पाहा, चित्र वेगळं दिसेल. तिथे २ डिसेंबर २००१ ला सार्वमत झालं, जवळपास ८५ टक्के लोकांनी कौल दिला, आणि २००३ च्या अर्थसंकल्पापासून नियम लागू झाला. घटनेच्या कलम १२६ मध्ये टक्केवारी नाहीच. खर्चाची कमाल मर्यादा अपेक्षित महसुलावरून, आर्थिक परिस्थिती लक्षात घेऊन ठरवायची, एवढंच तत्त्व आहे. गणित कायद्यात आहे: महसूल गुणिले एक गुणक. उत्पादन नेहमीच्या पातळीखाली असेल तर गुणक एकाहून मोठा, म्हणजे मंदीत महसुलापेक्षा जास्त खर्च करता येतो. तेजीत गुणक एकाहून लहान, म्हणजे शिल्लक टाकावीच लागते.

पण सगळ्यात महत्त्वाचं चौथं उपकलम. वर्षअखेर प्रत्यक्ष खर्च मर्यादेपलीकडे गेला असेल, तर तो पुढच्या वर्षांत भरून काढायचा. त्यासाठी वेगळं भरपाई खातं ठेवतात. म्हणजे अंदाज चुकला, किंवा मुद्दाम चुकवला, तरी फरक पुसला जात नाही, तो खात्यात नोंदलेला राहतो. बहुतेक देशांतल्या मर्यादा अर्थसंकल्प मांडण्याच्या दिवशी तपासल्या जातात. वर्ष संपल्यावर कोण विचारतो?

मोरपीस

खूप माहितीपूर्ण धागा. एक साधा प्रश्न आहे. भारताच्या घटनेत अशी आकड्याची मर्यादा आहे का? पाठ्यपुस्तकात तीन टक्के वाचल्याचं आठवतं.

ताळेबंद

मोरपीस, घटनेत आकडा नाही. तुटीचं तीन टक्क्यांचं उद्दिष्ट २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्यातलं, आणि त्याची तारीख अनेकदा पुढे ढकलली गेली आहे. घटनेचं कलम २९२ सांगतं की एकत्रित निधीच्या तारणावर केंद्र कर्ज काढू शकतं, संसदेने कायद्याने मर्यादा ठरवली असल्यास त्या मर्यादेत. ‘असल्यास’ हा शब्द घटना समितीत १९४९ मध्ये खटकला होता. मर्यादा ठरवणं सक्तीचं का नाही, असं सदस्यांनी विचारलं. डॉ. आंबेडकरांचं उत्तर असं होतं की संसद हे कर्तव्य गांभीर्याने घेईल आणि कर्जाच्या अधिकाराला मर्यादा घालणारे कायदे करत राहील, अशी आपल्याला केवळ आशा नाही, अपेक्षा आहे. त्यानंतर तूट आणि कर्ज यांना बांध घालणारा व्यापक कायदा यायला २००३ उजाडलं. मधल्या काळात केंद्राची तूट तदर्थ कोषागार हुंड्यांतून (सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रं) रिझर्व्ह बँकेकडून जवळपास आपोआप भरली जात होती. ती सोय १९९४ च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने कमी होत १ एप्रिल १९९७ पासून बंद झाली. माझ्या मते भारतातली सर्वांत परिणामकारक मर्यादा हीच. तीत टक्केवारी नव्हती, फक्त एक दार बंद केलं होतं.

मी लेखापरीक्षणात बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून खतावणी यांच्या मुद्द्यात भर घालतो. सरकारचे हिशेब बहुतांशी रोखीवर चालतात. पैसा दिला त्या दिवशी खर्च. त्यामुळे आकडा पाळायचा असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बिल ३१ मार्चनंतर चुकतं करणं. काम झालेलं असतं, देणं उभं असतं, पण त्या वर्षाच्या तुटीत ते दिसत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या घटनेत अंदाजपत्रक संतुलित ठेवण्याची अट आहे, आणि त्याच राज्यात २०१७ मध्ये थकीत बिलं १६ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. ॲरिझोनाने २०१० मध्ये आपल्या विधिमंडळाच्या इमारती विकून परत भाड्याने घेतल्या. विक्रीची रक्कम त्या वर्षीची जमा झाली, भाडं पुढच्या अनेक वर्षांवर पडलं. यात बेकायदा काही नव्हतं.

भारतात अन्नधान्य अनुदानाचं तेच. अन्न महामंडळाला अनुदान देण्याऐवजी राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज दिलं जायचं. अनुदान खर्चात धरलं असतं, महामंडळाचं कर्ज तुटीत येत नव्हतं. २०२१ च्या अर्थसंकल्पात ही थकबाकी पुस्तकांत आणली तेव्हा २०२०-२१ चं अन्न अनुदान सुमारे १.१६ लाख कोटींच्या मूळ अंदाजावरून ४.२२ लाख कोटींवर गेलं. महासाथीतल्या मोफत धान्याचा वाटा त्यात होताच, पण मोठा भाग जुन्या देण्यांचा होता. हे देणं महालेखापरीक्षकांनी आधीच अहवालात दाखवलं होतं. तो अहवाल वाचला किती जणांनी?

दक्षिणवारा

राज्यांच्या बाबतीत भारतात चित्र उलटं आहे हेही लिहा. केंद्रावर स्वतःच्या कायद्याचं बंधन, राज्यांवर मात्र केंद्राचं. कलम २९३ (३) प्रमाणे केंद्राच्या कर्जाची बाकी असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. २०२२ पासून राज्यांच्या मंडळांनी आणि कंपन्यांनी काढलेलं, पण राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडलं जाणारं कर्जही केंद्र राज्याच्या मर्यादेत मोजू लागलं. केरळ डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला आणि कलम २९३ च्या अर्थाचा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे पाठवला.

खतावणी, व्याख्या ठरवणाऱ्याच्या हातात सत्ता असते हे तुमचं म्हणणं इथे तंतोतंत लागू होतं. मंडळाचं कर्ज राज्याचं मानावं हे हिशेबाच्या दृष्टीने बरोबर असेल. पण राज्याची व्याख्या केंद्राने ठरवायची आणि केंद्राची व्याख्याही केंद्रानेच, हे मला मुळातून चुकीचं वाटतं. एकाच मापाने दोघांना मोजा, मग बोला.

उत्तरपक्ष

आतापर्यंत सगळे ‘मर्यादा नीट कशी पाळली जाईल’ यावर बोलत आहेत. ती घटनेत असावीच का, हे कुणी विचारत नाही.

घटना हक्क आणि सत्तेची रचना सांगते. पुढच्या पिढीने शाळांवर किती आणि रस्त्यांवर किती खर्च करायचा हे आजच्या बहुमताने का ठरवावं? स्पेनमध्ये २०११ च्या ऑगस्टअखेर प्रस्ताव आला आणि सप्टेंबर संपायच्या आत कलम १३५ बदललंही. सार्वमत नाही, नीट चर्चा नाही. १९७८ च्या त्या घटनेतली ही केवळ दुसरी दुरुस्ती. तिने सार्वजनिक कर्जाचं व्याज आणि मुद्दल फेडण्याला पूर्ण अग्रक्रम दिला. रोखेधारकाला घटनेत अग्रक्रम आणि रुग्णाला नाही, हे मला मान्य होणं शक्य नाही.

ब्राझीलने २०१६ मध्ये ९५ वी घटनादुरुस्ती करून केंद्राचा प्राथमिक खर्च (व्याज वगळून उरणारा) वीस वर्षांसाठी फक्त महागाईइतका वाढू द्यायचा ठरवलं. लोकसंख्या वाढो, वृद्ध वाढोत, खर्च तेवढाच. निवृत्तिवेतनं द्यावीच लागतात, ती वाढत गेली आणि त्या छताखाली गुंतवणूक चिरडली गेली. २०२१ मध्ये न्यायालयांनी सरकारविरुद्ध दिलेल्या निवाड्यांची देणी पुढे ढकलण्यासाठी पुन्हा घटनादुरुस्ती केली. म्हणजे कोर्टात जिंकलेल्या निवृत्त शिक्षकाला थांबवून मर्यादा ‘पाळली’. ही देणी चुकवण्यावर त्या दुरुस्तीने घातलेली मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात रद्द केली. त्याआधी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मूळ छत जाऊन साधा नियम आला होता: खर्चाची वाढ महसुलाच्या वाढीच्या ७० टक्क्यांपर्यंत, आणि महागाई वगळून ०.६ ते २.५ टक्क्यांच्या दरम्यान. वीस वर्षांसाठी घातलेलं छत सात वर्षंही टिकलं नाही, आणि तेवढ्या काळात ज्यांनी सोसायचं त्यांनी सोसलं.

खतावणी

उत्तरपक्ष, ब्राझीलबद्दल तुमच्याशी सहमत आहे. त्यात एक जोडते. त्याच घटनेत खर्चाची किमान मर्यादाही आहे. केंद्राने कर महसुलाचे निदान १८ टक्के आणि राज्यांनी व नगरपालिकांनी २५ टक्के शिक्षणावर खर्च करायचे, हे १९८८ पासून आहे. खाली एक आकडा, वर एक आकडा, आणि मध्ये अर्थमंत्री. दोन्ही आकडे घटनेत लिहिणारे लोक वेगवेगळे, काळ वेगळा, आणि दोघांनाही आपला आकडाच पवित्र वाटत होता.

पण म्हणून मर्यादाच नको, या निष्कर्षाला मी येत नाही. पुढच्या पिढीचे हात बांधू नयेत असं म्हणता, तर तिच्या नावावर न विचारता कर्ज चढवणं हेही हात बांधणंच आहे. ती पिढी आज मत देऊ शकत नाही. हिशेब लपवला तर ती वाद घालायच्या आधीच हरलेली असते. मला सगळ्यात जास्त याचा राग येतो.

उत्तरपक्ष

तो राग मलाही आहे. फक्त माझी भीती दुसरीकडे आहे. मर्यादा घटनेत गेली की ती हक्कांच्या समोर उभी राहते, आणि न्यायालयाला दोहोंतून एक निवडावं लागतं. इटलीने २०१२ मध्ये कलम ८१ बदलून संतुलित अर्थसंकल्पाचं तत्त्व आणलं. तिथल्या आब्रुत्सो प्रदेशाने अपंग विद्यार्थ्यांच्या शाळेच्या वाहतुकीचा निम्मा खर्च द्यायचा, पण ‘अंदाजपत्रकात पैसा उपलब्ध असेल तर’, असा कायदा ठेवला होता. पेस्कारा प्रांत कोर्टात गेला. २०१६ च्या निकालात घटना न्यायालयाने ती अट रद्द केली. हक्कांच्या हमीचा परिणाम अंदाजपत्रकावर व्हायला हवा, अंदाजपत्रकाच्या तोलावर हक्क अवलंबून ठेवता येणार नाहीत, असा त्याचा आशय. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. पण हे सांगायला त्या मुलांचा प्रश्न घटना न्यायालयापर्यंत न्यावा लागला.

खतावणी

तो निकाल वाचून मलाही बरं वाटलं होतं. आता याच्या अगदी उलट टोक पाहा. हंगेरीच्या २०११ च्या मूलभूत कायद्यात कर्ज उत्पादनाच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर ते कमी करणाराच अर्थसंकल्प मंजूर करता येतो. इथवर ठीक. पण त्याच कायद्याने सांगितलं की कर्ज निम्म्यापेक्षा जास्त आहे तोवर घटना न्यायालयाने कर आणि अर्थसंकल्पाचे कायदे मोजक्याच हक्कांच्या आधारे तपासायचे, इतर कारणांवर ते रद्द करता येणार नाहीत. शिवाय तीन सदस्यांच्या अर्थसंकल्प परिषदेची पूर्वसंमती हवी. ती मिळाली नाही आणि ३१ मार्चपर्यंत अर्थसंकल्प झाला नाही, तर राष्ट्राध्यक्ष संसद विसर्जित करू शकतात. म्हणजे काटकसरीच्या नावाखाली न्यायालयाचे अधिकार कापले आणि निवडून न आलेल्या तिघांच्या हाती सरकार पाडण्याची किल्ली दिली. मर्यादेचं कलम वाचताना टक्केवारी शेवटी वाचावी, आधी कोणाचे अधिकार वाढले आणि कोणाचे घटले ते पाहावं.

मोरपीस

पोलंडबद्दल वाचलं होतं की तिथे घटनेतच ६० टक्के आहे आणि ते पाळतात. ते चांगलं उदाहरण नाही का?

ताळेबंद

१९९७ च्या घटनेचं कलम २१६: सार्वजनिक कर्ज वार्षिक उत्पादनाच्या तीन पंचमांशांपलीकडे जाईल असं कर्ज किंवा हमी घेता येणार नाही. आकडा ओलांडलेला नाही हे खरं. पण २०१४ मध्ये खासगी निवृत्तिवेतन निधींकडची ५१.५ टक्के मालमत्ता, मुख्यतः सरकारी रोखे, सरकारी विमा संस्थेकडे वळवून ते रोखे रद्द केले. कर्ज एका झटक्यात घटलं, आणि निवृत्तिवेतन देण्याची जबाबदारी सरकारवर आली. ती घटनेच्या व्याख्येत कर्ज नाही. महासाथीतला खर्चही मोठ्या प्रमाणात सरकारी विकास बँकेतल्या निधीतून झाला. युरोपीय संघाच्या मोजमापात तो कर्जात येतो, पोलंडच्या स्वतःच्या मोजमापात येत नाही. एकाच देशाच्या कर्जाचे दोन अधिकृत आकडे, आणि घटना त्यातला लहान आकडा पाहते.

मोरपीस

मग तुमच्यापैकी कुणी घटनेत नेमकं काय लिहिलं असतं?

खतावणी

मी टक्केवारी लिहिली नसती. मी लिहिलं असतं की ज्या कर्जाची फेड शेवटी कराच्या पैशातून होणार आहे ते सगळं, कोणत्याही संस्थेच्या नावावर असलं तरी, सरकारचं कर्ज समजावं. दिलेली हमी आणि न चुकवलेलं बिल अर्थसंकल्पाबरोबरच सभागृहासमोर ठेवावं. व्याख्या सरकारने ठरवू नये, महालेखापरीक्षकांनी ठरवावी आणि केंद्र व राज्यं दोघांना तीच लागू व्हावी. (दक्षिणवारा, हे तुमच्यामुळे सुचलं.) मर्यादा किती, हे प्रत्येक नव्या सभागृहाने पहिल्या वर्षात कायद्याने ठरवावं, आणि ती ओलांडली तर गणिती यांनी सांगितलेल्या स्विस पद्धतीने फरक खात्यात चढत राहावा. उत्तरपक्ष यांच्यासाठी एक ओळ: या कलमाच्या आधारे कोणताही मूलभूत हक्क नाकारता येणार नाही.

उत्तरपक्ष

शेवटची ओळ असेल तर मी या मसुद्याला विरोध करणार नाही. पाठिंबा देईन का, ते अजून ठरत नाही. मंदीत असं सभागृह आधीच्या तेजीतली मर्यादा घेऊन बसलेलं असेल.

गणिती

मसुद्यात एक भोक राहिलं आहे: अंदाज कोण करणार? महसूल आणि उत्पादन यांचे अंदाज अर्थखात्याच्याच हातात राहिले तर खतावणी यांची व्याख्या कितीही घट्ट असो, सुरुवातीचा आकडाच सोयीचा निघेल. नेदरलँड्समध्ये १९४५ पासून हे काम नियोजन कार्यालय करतं आणि सरकारं त्याचेच अंदाज घेऊन चालतात. ब्रिटनने २०१० मध्ये स्वतंत्र कार्यालय काढलं. तिथे लिखित घटना नाही, मर्यादेचं कलम नाही. २३ सप्टेंबर २०२२ ला सरकारने त्या कार्यालयाचा अंदाज न घेता मोठी करकपात जाहीर केली. रोख्यांचे भाव कोसळले, पाच दिवसांत मध्यवर्ती बँकेला बाजारात उतरावं लागलं, १४ ऑक्टोबरला अर्थमंत्र्यांचं पद गेलं आणि २० तारखेला पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. अंदाज न छापणं हे एवढं महाग पडतं, तर तो छापण्याची सक्ती तुमच्या कलमात पहिल्या ओळीत हवी.